‘चक्कर येते’ एवढ्यावर थांबू नका

कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी शेळ्या सोडायला निघाली असेल, कुणी खुरपं शोधत असेल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडं द्या.

मी एरवी या कार्यक्रमात तुमच्याशी हिशेबाच्या वहीबद्दल, बँकेच्या कर्जाबद्दल बोलते. आज चक्करेबद्दल बोलणार आहे. विषय दवाखान्याचा असला तरी माझ्या घरातला आहे, आणि आपल्या गटाशीही त्याचा संबंध आहे. तो कसा, ते पुढं कळेल.

आधी शब्दाचं बघू. आपण बायका एका ‘चक्कर’ शब्दात किती गोष्टी कोंबतो! उपासाच्या दिवशी उन्हातून आलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली, की चक्कर. पटकन उठलं आणि भोवळ आली, की चक्कर. चालताना झोक गेला, पाय लटपटले, तरी चक्कर. आणि आपण गुमान बसलेलो असताना भिंती, आढं, दारं गरगर फिरायला लागली, तर तीही चक्करच. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय बाई? आपण म्हणतो, चक्कर येते. मग रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. पुष्कळदा तेच बरोबर असतं, कारण आपल्या बायकांत रक्त कमी असणं घरोघरी आहे. पण माझी चक्कर ती नव्हती.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची, मुलगी तीन वर्षांची. सकाळी उठून बसले आणि खोली फिरायला लागली. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर होतं तसं. डोळे मिटले तरी फिरणं थांबेना. वर उलट्या. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, “गोड बातमी दिसतीये.” दवाखान्यात सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशीही घर फिरतच होतं, आणि आता एका दाराची दोन दारं दिसायला लागली. चालताना मी आपोआप डावीकडं जायची. दुसऱ्या दवाखान्यात जायला मालकांचा हात धरून स्टँडवर उभी होते, तर मागून कुणीतरी म्हणालं, “बाई पिऊन आलीय.” ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्या दुसऱ्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला. “ताई, तुम्ही फिरता की घर फिरतं?” मी म्हटलं, घर. मग त्यांनी विचारलं, याआधी कधी एका डोळ्याला अंधुक दिसलं होतं का, हातापायाला बरेच दिवस मुंग्या होत्या का? तेव्हा मला आठवलं. दीड वर्षापूर्वी माझा उजवा डोळा तीन आठवडे धुरकट झाला होता आणि हलवला की दुखायचा. मी समजले, चष्म्याचा नंबर असेल. आपोआप बरं झालं म्हणून विसरूनही गेले. डॉक्टरांनी मला मेंदूविकार तज्ज्ञांकडं पाठवलं. एमआरआय झाला. मेंदूत पांढरे डाग दिसले. आजाराचं नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. सोयीसाठी एम.एस. म्हणू.

हा आजार काय आहे ते आपल्या भाषेत सांगते. विहिरीवरच्या मोटारीची वायर डोळ्यांपुढं आणा. आत तांब्याची तार, वरून प्लास्टिकचं वेष्टण. वेष्टण खरचटलं की करंट नीट पोचत नाही. आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरही असंच एक वेष्टण असतं, त्याला मायलिन म्हणतात. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी फौज आहे, ती या आजारात चुकून आपल्याच नसांचं वेष्टण कुरतडते. राखणदारानं घरातल्याच माणसांवर काठी उगारावी, तसं. जिथं वेष्टण जातं, तिथला निरोप अडखळतो. डोळ्याच्या नसेत झालं तर अंधुक दिसतं, पाठीच्या कण्यात झालं तर पाय जड होतात, आणि मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, जिथं तोल सांभाळला जातो तिथं झालं, तर घर फिरतं.

हा आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, एका तांब्यानं पाणी प्यायल्यानं होत नाही. करणी नाही, नजर नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही. तो मुळापासून बरा करणारं औषध आजतरी नाही. पण झटके कमी करणारी, पुढचं नुकसान रोखणारी औषधं आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं.

आता तोल म्हणजे काय ते बघा. गटाचा हिशेब आपण कसा जुळवतो? सभासदाचं पासबुक, गटाची खतावणी आणि बँकेचं पासबुक, तिन्हींचा आकडा एक आला की हिशेब बरोबर. शरीराचंही तसंच आहे. डोळे, आतला कान आणि पायाचे तळवे-सांधे, असे तिघं मेंदूला खबर देतात. तिघांची खबर जुळली की आपण ताठ उभ्या. एकाची खबर चुकली किंवा मेंदूपर्यंत नीट पोचली नाही, तर मेंदू गोंधळतो, आणि आपल्याला वाटतं जग फिरतंय.

मला पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. काही आठवड्यांनी फिरणं थांबलं, दोन दारांचं परत एक दार झालं. पण घरातून सांगितलं गेलं, बाहेर बोलायचं नाही. दिराचं लग्न ठरायचं होतं. लोक काय म्हणतील? मीही गप्प बसले. दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत काय झालं ऐका. आमच्या बैठका दुपारी दोनला, समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर व्हायच्या. जिन्याला कठडा नव्हता. मी कधी उशिरा पोचायची, कधी जायचीच नाही. बायका म्हणायच्या, समन्वयक झाली आणि शेफारली. एक दिवस खूप थकले होते, डोकं हलकं झालं होतं, ओळी सरकत होत्या. तरी वही लिहीत बसले. एका मावशीची पाचशे रुपयांची परतफेड मी दुसऱ्याच बाईच्या नावापुढं लिहिली. पुढच्या बैठकीत मावशी उभ्या राहिल्या. “माझे पाचशे कुठं गेले?” गटात पैशाबद्दल शंका आली की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. त्या दिवशी मी आजाराचं नाव सांगितलं. स्टँडवरचं वाक्यही सांगितलं. सांगताना रडले.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच मावशी म्हणाल्या, “आधी का नाही सांगितलंस गं? आम्ही काय परक्या?” सगळंच गोड झालं असं नाही. एकीनं माझ्या पेल्यात पाणी प्यायचं टाळलं, तिला समजवायला दोन महिने लागले. पण गटानं त्याच दिवशी तीन ठराव केले. बैठक सकाळी आठला. जागा खाली, लिंबाच्या सावलीला. आणि वहीतली प्रत्येक नोंद दुसऱ्या बाईनं मोठ्यानं वाचून दाखवायची. तिसरा ठराव माझ्यासाठी झाला होता, पण त्यानंतर आमच्या गटात हिशेबावरून एकदाही भांडण झालं नाही. तुमच्याही गटात करून बघा.

पुढं माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक चक्कर एम.एस.ची नवीन झळ नसते. दोन अनुभव सांगते.

पहिला उन्हाळ्यातला. मे महिना, लग्नघर, मी चुलीपुढं पुऱ्या तळत होते. डोकं गरगरायला लागलं, दिसणं धुरकट झालं, पाय कापायला लागले. वाटलं, आला झटका. मला सावलीत आणलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं, आणि तासाभरात मी पहिल्यासारखी झाले. याचं कारण उष्णता. वेष्टण गेलेली नस शरीर तापलं की निरोप आणखी हळू नेते. थंड झालं की पूर्ववत होते. ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० सालीच ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. म्हणजे त्या वेळी माझ्या नसांचं नवीन नुकसान झालेलं नव्हतं. ताप आला किंवा लघवीला जळजळ होऊन आत जंतुसंसर्ग असला, तरी असाच जुना त्रास वर येतो. तेव्हा त्रास वाढला की आधी ताप बघायचा, लघवीचं बघायचं.

दुसरा अनुभव गेल्या दिवाळीआधीचा. मान वर करून जळमटं काढत होते आणि घर गर्रकन फिरलं. रात्री उजव्या कुशीवर वळले, परत तेच. पण अर्धा मिनिट फिरायचं आणि थांबायचं. हालले नाही तर काहीच नाही. मी पार खचले. आठ दिवस एकाच कुशीवर पडून राहिले. मनात एकच, आता परत स्टिरॉइड, परत तेच सगळं. शेवटी गेले. डॉक्टरांनी मला बसवून, मान वळवून, एकदम आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांकडं बघत राहिले. म्हणाले, “ताई, हे एम.एस. नाही. हे कानातलं आहे.” आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले की डोकं हलवताच घर फिरतं. त्यांनी माझं डोकं ठरावीक पद्धतीनं टप्प्याटप्प्यानं वळवलं. या पद्धतीला एप्ली या डॉक्टरांचं नाव आहे. पंधरा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी मी निर्धास्त कुशीवर झोपले. आठ दिवस उगाच भोगले होते! हा कानाचा त्रास कुणालाही होतो, आणि एम.एस. असलेल्यांच्या चक्करेमागंही पुष्कळदा तोच असतो. पण ही पद्धत डॉक्टरांनी तपासून, कोणत्या कानाचा त्रास आहे ते ठरवल्यावरच करायची. कुणाचं बघून घरी डोकं हिसडायचं नाही.

मग ओळखायचं कसं? डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. घर फिरतं, की अंधारी येते, की फक्त झोक जातो? किती वेळ टिकतं, अर्धा मिनिट, तासभर, की दिवसेंदिवस? आणि कशानं सुरू होतं, कुशीवर वळल्यानं, उन्हानं, उठून उभं राहिल्यानं, की काहीच न करता? एम.एस. असलेल्या बाईला ताप नसताना नवीन त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला, तर आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. आणि कुणालाही, एम.एस. असो नसो, चक्करेबरोबर अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय गळाला, एकाचं दोन दिसायला लागलं, उभंच राहता येईना किंवा कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखलं, तर लिंबू-सरबत पाजत बसायचं नाही. तो लकवा असू शकतो. लगेच १०८ ला फोन करायचा.

चक्करेच्या गोळ्यांबद्दलही सांगते. जोर असतो तेव्हा चार दिवस त्या उपयोगी पडतात, उलटी थांबते. पण मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. मेंदू तोलाचा हिशेब हळूहळू नव्यानं जुळवत असतो. रोज गुंगी आणणारी गोळी घेतली तर त्या कामात अडथळा येतो. मिश्री-तंबाखूनंही डोकं गरगरतं, हे मात्र आपल्या सोयीनं आपण विसरतो.

आता रोजचं जगणं. मी घरात काय काय बदललं ते सांगते.

चक्कर सुरू झाली की मी जिथं आहे तिथं खाली बसते. लाज धरत नाही. भिंतीला पाठ लावते आणि एका हलत नसलेल्या वस्तूवर नजर ठेवते, दाराची चौकट, नाहीतर खुंटी. डोकं हलवत नाही. उलटी होत असेल तर पाणी एकदम पीत नाही, घोट घोट घेते.

सकाळी उठताना तीन टप्पे. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून बसायचं, दहा आकडे मोजायचे, मग उभं राहायचं. रात्री लघवीला उठताना बॅटरी उशाशीच असते, कारण अंधारात डोळ्यांची खबर बंद होते आणि तोल आणखी जातो. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. डोक्यावरून अंघोळ करताना डोळे मिटले की मी पडायची, म्हणून बसूनच न्हाते, आणि पाणी कोमट घेते, कढत नाही. भिंतीला मालकांनी लोखंडी दांडा बसवलाय. खर्च थोडा, पण त्यानं मला दोनदा पडण्यापासून वाचवलंय.

चुलीपाशी एकटी नसते. विहिरीच्या काठावर जात नाही, शिडीवर चढत नाही, कडबाकुट्टीला हात लावत नाही. डोक्यावर हंडा घेत नाही, छोट्या कळशीतून दोन खेपा करते. उन्हाची कामं सकाळी दहाच्या आत. मानेला ओला पंचा. चक्कर चालू असताना गाडी चालवत नाही.

फिजिओथेरपिस्टनं मला व्यायाम शिकवलेत. त्यातला एक सांगते. खुर्चीवर बसायचं, अंगठा डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरायचा, नजर अंगठ्यावर ठेवायची आणि डोकं सावकाश डावीकडं-उजवीकडं वळवायचं. अंगठा स्पष्ट दिसत राहिला पाहिजे. सुरुवातीला अर्धा मिनिट. थोडं गरगरतं, ते चालतं. घाबरून डोकं हलवायचंच सोडलं तर मेंदू शिकणार कसा? मात्र आधी एकदा तज्ज्ञांना दाखवून, आणि शेजारी कुणीतरी असताना करा.

सगळ्यात मोठी गोष्ट थकवा. एम.एस.चा थकवा झोपून जात नाही, आणि थकले की तोल जातो. यावर मला आपली बचतच उपयोगी पडली. अंगातली ताकद म्हणजे खात्यातली शिल्लक समजा. सकाळी शंभर रुपये जमा आहेत. धुण्याला तीस, स्वयंपाकाला तीस, बैठकीला तीस. उरले दहा. त्यात दळण बसत नाही, ते उद्यावर. ओढूनताणून केलं तर ते कर्ज झालं, आणि या सावकाराचं व्याज फार आहे. एक दिवस जास्त केलं की मी दोन दिवस अंथरुणात असते.

घरच्यांनाही दोन शब्द. हा आजार बाहेरून दिसत नाही. काल वेणी घालून गटात गेली आणि आज भिंत धरून चालते, म्हणून ती नाटक करते असं समजू नका. तिला विचारा, आज शिल्लक किती आहे? माझी अकरा वर्षांची मुलगी रोज विचारते. आणि ज्यांच्या मुलीला, सुनेला हा आजार आहे, त्यांनी ऐकावं: या आजारानं आईपण संपत नाही. फक्त काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं.

सरकारी बाजू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तपासणीत चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर सवलती मिळू शकतात. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा अर्ज करावा लागतो. ‘लंगडत नाही, मग दिव्यांग कशी?’ असं कुणी म्हणालं तर कायद्याचं नाव सांगा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून अशा रुग्णांसाठी काम करते, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. तशी ही चक्करेची पंचसूत्री लक्षात ठेवा. एक, चक्कर कसली ते नीट सांगा. दोन, आली की लगेच बसा. तीन, ऊन, ताप आणि अंधार सांभाळा. चार, मनानं गोळ्या घेऊ नका आणि मनानं बंदही करू नका. पाच, लपवू नका.

पाचवं सूत्र मला दोन वर्षं उशिरा कळलं. मावशींचे पाचशे रुपये वहीत सापडले. पण त्या दिवशी त्यांनी उभं राहून विचारलं नसतं, तर मी आजही तो कठडा नसलेला जिना एकटी चढत असते.

तुमच्या गटात एखादी बाई सारखी ‘चक्कर येते’ म्हणत असेल, तर येत्या बैठकीत तिच्याजवळ बसा आणि विचारा, “ताई, तू फिरतेस की घर फिरतं?” आणि ती सांगेल ते ऐकून घ्या. दवाखान्यात जाताना तिच्याबरोबर एकीनं जा.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या वेळी परत हिशेबाच्या वहीकडं वळू. नमस्कार.